वरून येणाऱ्याची जबाबदारी

यशोधनने स्कीइंगचा क्लास पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत सोडून दिला. का, असं विचारल्यावर म्हणाला, दोन तास त्या बाईंनी नुसतं उभं राहायला आणि पडल्यावर उठायला शिकवलं, एवढं मला यूट्यूब बघून येतं. क्लास पाच दिवसांचा आहे, उद्यापासून पुढचं शिकवतील, असं अनुराधाने सांगून पाहिलं. पण तोवर त्याचे डोळे वरच्या उतारांवर लागले होते. तिथे रघुवीर होता.

रघुवीर यशोधनचा शाळेपासूनचा मित्र. आता साउथहॅम्प्टनला हाडांचा डॉक्टर. तो आणि त्याची बायको वैभवी गेली दहा वर्षं दर हिवाळ्यात कुठे ना कुठे स्कीइंगला जायची. या वर्षी फेब्रुवारीत शाळांच्या हाफ टर्मच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबांनी मिळून स्कॉटलंडमध्ये अ‍ॅव्हीमोरला जायचं ठरवलं, तेही रघुवीरच्याच डोक्यातून निघालेलं. गावाबाहेर एक लाकडी लॉज घेतलं होतं. खाली रघुवीर-वैभवी, वर यशोधन, अनुराधा आणि त्यांची चौदा वर्षांची ईशिता. यशोधनच्या कुटुंबाला लंडनजवळच्या वॉटफर्डहून गाडीने पोचायला अकरा तास लागले. पर्थच्या पुढे रस्ता चुकला तो गाडीतल्या वाट दाखवणाऱ्या सॅट-नॅवमुळे, आणि पार्किंगमध्ये आरसा खांबाला घासला तो खांब चुकीच्या जागी असल्यामुळे.

चूक यशोधनची कधीच नसायची. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. भिंतीत ड्रिल मारताना पाण्याचा पाइप फुटला तेव्हा घर बांधणाऱ्याने पाइप भलतीकडून नेलेला होता. ईशिता चार वर्षांची असताना तिच्या हातावर चहा सांडला तेव्हा तीच धावत मध्ये आली होती. अनुराधा सुरुवातीला वाद घालायची. मग तिला कळलं की वाद संपतो तो आपणच कुठेतरी चुकलो इथे. त्यामुळे ती बोलेनाशी झाली. वॉटफर्डच्या हॉस्पिटलात ती रेडिओग्राफर होती, दिवसभर माणसांच्या मोडलेल्या हाडांचे एक्स-रे काढायची. माणसं कशी पडली ते सांगताना किती खोटं बोलतात हे तिला चांगलं ठाऊक होतं. घरी येऊन पुन्हा तेच ऐकायची ताकद तिच्यात उरत नसे.

क्लास मात्र तिने सोडला नाही. शिकवणाऱ्या बाईंचं नाव मोराग. वय अठ्ठावन्न, अंगाने काटकुळ्या, वाऱ्याने रापलेला चेहरा. तीस वर्षं त्या याच डोंगरावर नवशिक्यांना शिकवत होत्या. बोलणं तुटक, कौतुक जवळजवळ नाहीच. पहिल्या दिवशी, यशोधन अजून क्लासमध्ये होता तेव्हाच, त्यांनी सगळ्यांना एक नियम तीनदा म्हणायला लावला होता. खाली असलेल्या माणसाला पाठीमागचं दिसत नाही. म्हणून जबाबदारी नेहमी वरून येणाऱ्याची. थांबता येत नसेल तर निघायचंच नाही.

अनुराधा शेहेचाळीस वर्षांची होती आणि शाळा सुटल्यापासून कुठलाही खेळ खेळलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पायातल्या स्कीच्या दोन्ही लांब पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणून, मोराग ज्याला पिझ्झा म्हणायच्या तसा आकार करून, छोट्या उतारावरून खालपर्यंत न पडता येऊन दाखवलं. मोराग म्हणाल्या, "ठीक आहे. आता पुन्हा." अनुराधा पुन्हा वर गेली, मग पुन्हा. संध्याकाळी तिच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि ती जेवताना आपल्याशीच हसत होती. यशोधनने त्या दिवशी ईशिताला सोबत घेऊन मधला, निळ्या पाट्यांचा उतार केला होता. ईशिता गेल्या वर्षी शाळेच्या ट्रिपमध्ये स्कीइंग शिकली होती. बाबा किती वेळा पडले हे ती मजेत सांगायला लागली तशी यशोधन म्हणाला की भाड्याने दिलेले बूटच ढिले आहेत.

तिसरा दिवस बुधवार. मोरागनी आपल्या चार विद्यार्थ्यांना पहिल्यांदाच निळ्या उतारावर नेलं, तेही अगदी कडेच्या दोरीच्या बाजूने. बाकीचे तिघे हळूहळू खाली पोचले. अनुराधा शेवटची होती. अर्ध्यावर तिचा तोल गेला, ती पाठीवर पडली आणि तिच्या डाव्या बुटाखालची स्कीची पट्टी सुटली. मोराग तिच्यापाशी येऊन थांबल्या, डोंगराकडे पाठ करून वाकल्या आणि तिचा बूट पट्टीत बसवायला लागल्या.

अनुराधा पाठीवर पडलेली असल्यामुळे वरचा सगळा उतार तिला दिसत होता. त्यावरून यशोधन येत होता. सरळ रेषेत, हात पसरून, पट्ट्या एकमेकींना समांतर, वेग वाढतच चाललेला. त्याच्या बऱ्याच मागे ईशिता होती आणि ती काहीतरी ओरडत होती. उतार चांगला रुंद होता. पलीकडे सगळा रिकामा होता. अनुराधाने तोंड उघडलं, पण शब्द फुटेपर्यंत तो मोरागवर आदळला होता.

आवाज फारसा झाला नाही. दोघं दहा-बारा फूट घसरत गेली. मोरागचा उजवा पाय गुडघ्याखाली ज्या कोनात वळला होता तो पाहून अनुराधाला एक्स-रेची गरज नव्हती. ती रांगत तिकडे गेली. यशोधन तोवर उठून बसला होता. त्याला काहीही झालेलं नव्हतं. त्याने मोरागना काय झालंय ते विचारलं नाही, अनुराधाला तू ठीक आहेस का म्हटलं नाही. अंगावरचा बर्फ झटकत तो पहिलं वाक्य बोलला ते हे, की ही बाई अचानक मध्ये आली.

मोराग शुद्धीवर होत्या. दात आवळून त्यांनी अनुराधाला सांगितलं, बुटाला हात लावू नकोस, वरच्या बाजूला दोन पट्ट्या बर्फात आडव्या-तिडव्या रोव, म्हणजे येणाऱ्यांना दिसेल. अनुराधाने तसं केलं. ईशिता येऊन व्यवस्थित थांबली, आणि मोरागचा पाय बघून रडायला लागली. बचाव पथकाची माणसं स्लेज घेऊन आली. त्यातल्या एकाने नावं लिहून घेतली आणि काय झालं ते विचारलं. यशोधनने शांतपणे, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलावं तसं सांगितलं की मी सावकाश येत होतो, त्या वाकल्या होत्या, अचानक उठून माझ्या वाटेत आल्या. त्या माणसाने अनुराधाकडे पाहिलं. ती मोरागचा हात धरून बसली होती. ती काही बोलली नाही.

का बोलली नाही, याचा तिने नंतर पुष्कळ विचार केला. त्या वेळी तिला वाटलं होतं की तो घाबरलाय, संध्याकाळपर्यंत भानावर येईल आणि स्वतःच दुरुस्त करील. पण खरं एवढंच होतं, की न बोलायची तिला सवय झाली होती.

संध्याकाळी पाचच्या सुमारास स्की स्कूलमधून फोन आला. अनुराधाने घेतला. मोरागना इनव्हर्नेसच्या हॉस्पिटलात नेलंय, उद्या ऑपरेशन आहे, असं पलीकडची बाई म्हणाली. मोराग वाकलेल्या होत्या, त्यांनी धडकणारा पाहिलाच नाही, त्यामुळे आम्हाला बाकीच्यांचे जबाब लागतील. उद्या सकाळी दहाला मी लॉजवर येते, मुलीशीही बोलायचंय, आईवडिलांसमोर. मग जरा थांबून तिने आणखी सांगितलं. तुमचे मिस्टर म्हणतात तसं झालं असेल तर मोरागच्या वयाचा प्रश्न निघणार. पाय बरा झाला तरी पुढच्या वर्षी त्यांना क्लास मिळेल की नाही सांगता येत नाही.

अनुराधाने हे सगळं जसंच्या तसं स्वयंपाकघरात सांगितलं. वैभवी खिचडीला फोडणी देत होती, रघुवीर आणि यशोधन टेबलाशी बसले होते. रघुवीर म्हणाला की ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे ना, मग काळजी नको, फक्त लेखी काही कबूल करू नकोस. यशोधन म्हणाला की मी कबूल करण्यासारखं काही केलेलंच नाही, आणि साठीला आलेल्या बाईने खरं तर त्या उतारावर उभंच राहू नये.

अनुराधाने रघुवीरला विचारलं, "तू हाडांचा डॉक्टर आहेस. तिचा पाय पुन्हा पहिल्यासारखा होईल?"

तो ताटाकडे बघत म्हणाला की एक्स-रे बघितल्याशिवाय काय सांगणार. मग वैभवी तिला हाताला धरून सिंकपाशी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली की जाऊ दे, इथे कोण कुणाला ओळखतं, शनिवारी आपण निघणार, उगीच घरात वितुष्ट नको. अनुराधाने कुकर घासायला घेतला. झाकण तिने दोनदा सिंकमध्ये आपटलं. यशोधनचा राग येत होताच. त्या दोघांचाही येत होता, कारण सगळं समजून-उमजून ती दोघं खिचडी वाढून घेत होती. आणि सगळ्यात जास्त राग येत होता तो दुपारी मोरागचा हात धरून गप्प बसलेल्या स्वतःचा. तिला वाटलं, तो हात तरी कशाला धरला मी?

यशोधन कधी उठून वर गेला ते तिला कळलं नाही. थोड्या वेळाने ती ईशिताला जेवायला बोलवायला जिना चढली, तेव्हा दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतून त्याचा आवाज येत होता. समजावणीचा, गोड आवाज. शाळेच्या प्रोजेक्टला मदत करताना असायचा तसा.

"तू फक्त एवढंच सांगायचंस की मी खूप मागे होते, मला नीट दिसलं नाही. यात खोटं काही नाही. तू मागेच होतीस."

"पण मला दिसला, बाबा. सगळा दिसला."

"तुला तसं वाटतंय. तू घाबरली होतीस."

"मी तुला दोनदा सांगितली होती, इथून नको जाऊ. तुला थांबायला येत नाही. तू म्हणाला, गप बस."

ईशिताचं मराठी नेहमी असंच असायचं, मुलगा-मुलगी सगळं एकत्र. एरवी यशोधन हसून दुरुस्त करायचा. आज तो हसला नाही. म्हणाला, की तू तसं बोललीस तर ते बाबाला पोलिसांकडेही नेऊ शकतात, तुला चालेल का?

अनुराधाने दार ढकललं. तिला वाटलं होतं की आपण ओरडू. पण आवाज अगदी खालचा निघाला आणि त्यामुळेच कदाचित दोघंही दचकली.

"ईशिता, खाली जा आणि जेव. उद्या तू कुणालाही काही सांगणार नाहीयेस. खरं पण नाही आणि खोटं पण नाही. तुझ्यावर ते ओझं नाही. मी तिथे होते, मी सांगणार आहे."

मुलगी दोघांकडे बघत निघून गेली. यशोधनने दार लावलं आणि विचारलं, काय सांगणार आहेस तू नक्की? अनुराधा म्हणाली, जे झालं ते. तो म्हणाला, तू दुपारी तर काही बोलली नाहीस. ती म्हणाली, हो, आणि त्याची मला लाज वाटते. मग तो बराच वेळ बोलत राहिला. मी तुमच्यासाठी एवढा खर्च करून ही सुट्टी काढली, अपघात कुणाचाही होतो, ती बाई कोण लागते तुझी, तीन दिवसांची ओळख, नवऱ्याच्या विरोधात जबाब देणारी बायको मी आजपर्यंत ऐकली नाही. अनुराधा पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती. अठरा वर्षं हे सगळं ऐकताना तिला थकवा यायचा. आज थकवा नव्हता. आतून काहीतरी पेटल्यासारखं झालं होतं आणि डोकं मात्र विलक्षण साफ होतं.

तो थांबल्यावर ती म्हणाली, "तू धडकलास त्याचा मला एवढा राग नाही, यशोधन. शिकताना माणूस धडकतो. पण एका बाईचा पाय मोडलास आणि उठल्या उठल्या तिच्याच नावावर टाकलास. आणि आता माझ्या मुलीला खोटं बोलायला शिकवतोयस, तेही पोलिसांची भीती घालून. पुन्हा तिच्याशी असं बोललास तर मी काय करीन ते मला आत्ता माहीत नाही. पण गप्प बसणार नाही, एवढं माहीत आहे."

यशोधन उशी उचलून बाहेरच्या सोफ्यावर झोपायला गेला.

सकाळी दहाला स्की स्कूलची ती बाई आली, फाइल आणि फॉर्म घेऊन. रघुवीर आणि वैभवी लवकरच डोंगरावर निघून गेली होती. ईशिता जबाब देणार नाही हे कळल्यावर त्या बाईने काही आग्रह केला नाही. यशोधनने कालचंच सगळं पुन्हा सांगितलं, आज जरा जास्त तपशिलाने. मग अनुराधा बोलायला लागली. तो किती वेगात येत होता, पलीकडे किती जागा मोकळी होती, मोराग वाकलेल्या होत्या आणि जागच्या इंचभरही हलल्या नव्हत्या. मुलीने त्याला आधी अडवलं होतं हे मात्र तिने सांगितलं नाही. ते ईशिताचं होतं, तिला वाटलं तर ती सांगेल.

यशोधन मध्येच इंग्रजीत म्हणाला, माझी बायको पडलेली होती, तिला दिसणं शक्य नाही.

"मी पाठीवर पडले होते," अनुराधा म्हणाली, "म्हणूनच वर बघत होते."

बाईने तेही लिहून घेतलं. अनुराधाने सही केली. दुपारी मोरागचं ऑपरेशन झालं, असा तिला निरोप आला. तो दिवस आणि पुढची सकाळ लॉजमध्ये सगळे एकमेकांशी कामापुरतंच बोलले. यशोधनने बूट परत करून टाकले आणि लॅपटॉप उघडून बसला.

शुक्रवारी अनुराधा म्हणाली की मी इनव्हर्नेसला मोरागना भेटायला जातेय. ईशिता म्हणाली मी पण येणार. बर्फाच्या रस्त्यावर तुला गाडी झेपायची नाही, असं म्हणून यशोधनने किल्ली घेतली. रस्ता पाऊण तासाचा होता. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून, इंजिन चालूच ठेवून तो म्हणाला, मी इथेच थांबतो.

मोराग खिडकीजवळच्या कॉटवर होत्या. पाय उशांवर उचलून ठेवलेला, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत लोखंडी सांगाडा. शेजारी फुलांचा मोठा गुच्छ होता. कार्डावर पाचही जणांची नावं छापलेली. वैभवीने पाठवला असणार, अनुराधाला त्याचा पत्ताच नव्हता. तिच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. तिने मोरागना सॉरी म्हटलं. मोरागनी ते मध्येच तोडलं.

"तू कशाला सॉरी म्हणतेस? तू तर पडली होतीस."

मग त्या जे बोलल्या त्यात दयामाया नव्हती. तीस वर्षांत मला कितीतरी माणसं येऊन धडकली, बरगडी मोडली, खांदा निखळला. धडकतातच, त्याचं मी मनावर घेत नाही. पण उठल्यावर माझ्यासमोर माझ्याच नावाने खोटं आजवर कुणी बोललं नव्हतं. मी शुद्धीवर होते, मी ऐकलं. तू जबाब दिलास ते मला कळलं, बरं केलंस, पण दुपारीच द्यायला हवा होतास. आणि ही फुलं जाताना घेऊन जा. मला फुलं नकोत, कार्ड नको. तो स्वतः येऊन बोलला तर ऐकीन. नाहीतर कुणीच येऊ नका.

अनुराधाला त्यातलं एकही वाक्य चुकीचं वाटलं नाही. तिने फुलं उचलली, बाहेर आली, दारातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि गाडीपाशी जाऊन यशोधनच्या खिडकीवर टकटक केलं. काच खाली झाल्यावर तिने मोरागचं म्हणणं त्याला सांगितलं. तो म्हणाला, बसा, निघू या, उद्याचं पॅकिंग व्हायचंय.

"मी बसत नाही," ती म्हणाली. "तू आत जाऊन ये. तोवर मी इथेच उभी आहे."

त्याने काच वर केली. बाहेर तापमान उणे तीन होतं. अनुराधा गाडीच्या पुढ्यात उभी राहिली. ईशिताला तिने मागे बसायला सांगितलं, पण ती बसली नाही, येऊन आईच्या शेजारी उभी राहिली. दोघी काचेतून त्याच्याकडे बघत होत्या आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. दहा मिनिटं झाली. येणारे-जाणारे वळून बघायला लागले. एका नर्सने थांबून सगळं ठीक आहे ना विचारलं. अनुराधा म्हणाली, "ठीक नाहीये, पण तुम्ही जा." बोटं बधिर झाली तशी तिने हात काखेत घातले. ती हलली नाही. संध्याकाळपर्यंत असंच उभं राहावं लागलं तरी राहायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

वीसेक मिनिटांनी इंजिन बंद झालं. यशोधन उतरला, दार त्याने एवढ्या जोरात आपटलं की शेजारच्या गाडीवरचा बर्फ खाली पडला, आणि त्या दोघींकडे न बघता आत गेला. सात मिनिटांत परत आला. चेहरा लाल झाला होता. काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि अनुराधाने विचारलं नाही. शनिवारी वॉटफर्डला परततानाही अकरा तासांत तो विषय निघाला नाही.

पुढचे दोन आठवडे घरात फक्त कचऱ्याचे डबे कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचे आणि ईशिताला कोण आणणार एवढंच बोलणं होतं. मार्चमध्ये मोरागचा ईमेल आला, अनुराधाने तब्येत विचारली होती त्याचं उत्तर. मी कुबड्यांवर चालतेय. स्कूलने चौकशी बंद केली, माझ्यावर काही ठपका नाही. तुझा नवरा त्या दिवशी आला होता. चूक माझी होती म्हणाला. नंतर म्हणाला की बर्फ पण फार कडक होता. अनुराधाने हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये ते शेवटचं वाक्य तीनदा वाचलं, आणि दीड महिन्यापूर्वीचा सगळा राग जसाच्या तसा परत आला.

पाडव्याच्या नंतरच्या रविवारी जवळच पिनरला पुरुषोत्तम आणि अक्षया या मित्रांकडे जेवण होतं. दहा-बारा माणसं, श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी. कुणीतरी विचारलं, स्कॉटलंड कसं झालं? यशोधन रंगात आला. डोंगर, लॉज, रघुवीरचं स्कीइंग असं सांगता सांगता म्हणाला, की शेवटी जरा बेरंग झाला, एक म्हातारी इन्स्ट्रक्टर माझ्या वाटेत आली आणि आम्ही दोघं आपटलो, तिचा पाय मोडला बिचारीचा.

ईशिता पलीकडे त्यांच्या मुलीबरोबर, अन्वीबरोबर, सोफ्यावर ताट घेऊन बसली होती. तिने मान वर केली.

"बाबा, असा नाही झाला," ती म्हणाली. "ती वाटेत नाही आला. ती उभी होता. तू येऊन धडकलास."

सगळ्यांनी यशोधनकडे पाहिलं. यशोधनने हसायचा प्रयत्न केला आणि अनुराधाकडे पाहिलं. नेहमी अशा वेळी ती काहीतरी बोलून सावरून घ्यायची. आज तिने पुरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला.

"हो," तो शेवटी म्हणाला. "मीच धडकलो. मला थांबता आलं नाही."

अक्षयाने घाईघाईने श्रीखंडाचं भांडं पुढे केलं आणि बोलणं दुसरीकडे वळलं.

घरी जाताना ईशिता मागच्या सीटवर कानात गाणी लावून बसली होती. यशोधन गाडी चालवत होता. वॉटफर्ड जवळ आल्यावर पुढे रस्त्याकडे बघतच तो म्हणाला, "एवढ्या लोकांसमोर. तू तिला थांबवू शकली असतीस."

"हो," अनुराधा म्हणाली. "शकले असते."